हिवाळ्यात घरचा नळ कसा जपावा?

मार्गशीर्ष-पौषातील पहाट. धानाची मळणी आटोपत आलेली असते. अंगणात शेकोटी पेटते आणि घरची गृहिणी गुंड घेऊन तोटीपाशी येते. तोटी फिरविताच थोडी हवा सुसकारते, चार थेंब पडतात आणि पुढे काहीच येत नाही. थोड्या वेळाने वार्ता येते, की गावाबाहेरच्या बांधावर नळ उकलला असून टाकीचे पाणी रात्रभर बांधीत वाहून गेले. गावात लोक म्हणतात, "थंडीने नळ फुटला."

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशाच्या दोन्ही जिल्ह्यांत हा अनुभव नवा नाही. लोकांचे हे म्हणणे अर्धे खरे आहे. नळ थंडीमुळेच उकलतो. परंतु ज्या कारणाने थंड मुलखातील नळ फुटतात, ते कारण येथे लागू पडत नाही. कारण नीट न कळल्यामुळे उपायही चुकतो. कोणी नळाला पोते गुंडाळतो, कोणी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधतो आणि पुढल्या थंडीत तोच नळ त्याच ठिकाणी पुन्हा सुटतो. यास्तव नळ का फुटतो हे प्रथम पाहू, आणि मग तो कसा जपावा याचा विचार करू.

थंड मुलखात काय घडते?

बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात. पाणीही आकसते, परंतु केवळ ४ अंश सेल्सिअसपर्यंत. त्याखाली ते उलट पसरू लागते आणि शून्य अंशावर बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. लडाखसारख्या प्रदेशात हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरतो. तेथे सेवा करून परतलेल्या कोणत्याही जवानाने गोठलेले नळ पाहिलेले असतात. नळात प्रथम बर्फाचा बोळा तयार होतो. हा बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यास जाण्यास वाट उरत नाही. बर्फ वाढत जातो, पाण्यावरील दाब वाढतो आणि अखेर लोखंडाचा नळही चिरतो. म्हणून थंड देशांतील लोक नळ जमिनीत खोल पुरतात, उघड्या भागास उबदार वेष्टन घालतात, रात्री तोटी किंचित ठिबकत ठेवतात आणि घर बंद करून जाताना नळ पूर्णपणे रिकामा करतात.

महाराष्ट्रात अशी वेळ क्वचितच येते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. त्याच सुमारास, २९ डिसेंबर २०१८ रोजी, नागपूर येथे ३.५ अंश तापमानाची नोंद झाली. अशा निरभ्र रात्री गवताच्या पात्यावरील दव गोठू शकते, कारण जमिनीलगतचे पाते हवेपेक्षाही अधिक थंड होते. परंतु नळातील पाण्याची गोष्ट निराळी आहे. एक ग्रॅम पाणी शून्य अंशावर आल्यानंतरही त्याचा बर्फ होण्यासाठी आणखी सुमारे ८० कॅलरी उष्णता त्यातून निघून जावी लागते. येथील रात्र तेवढी थंडही नसते आणि तेवढी लांबही नसते. सूर्य वर येताच नळ पुन्हा तापू लागतो. सारांश, चंद्रपूर-गडचिरोलीत नळातील पाणी गोठत नाही. मग नळ उकलतो कशाने?

येथे पाणी गोठत नाही, नळ आखडतो

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवितात, हे खेड्यातील जुन्या माणसांना ठाऊक आहे. धाव तापवून चढवावयाची आणि पाणी ओतून थंड करावयाची. थंड होताना ती आखडते आणि चाकास घट्ट आवळते. जो गुण धावेस उपयोगी पडतो, तोच नळास घातक ठरतो. आणि येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की पीव्हीसीचा नळ लोखंडाच्या पाचपट ते सहापट आखडतो.

एक मीटर लांबीचा पीव्हीसीचा नळ प्रत्येक अंशास सुमारे ०.०७ मिलिमीटर लांब अथवा आखूड होतो. हा आकडा दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. परंतु हिशेब करून पाहावा. समजा, मूल तालुक्यातील एका शेतकऱ्याने मे महिन्यात विहिरीपासून घरापर्यंत १०० मीटर नळ टाकला. काम भर दुपारी झाले. उन्हात पडलेल्या नळाचे अंग हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापते. ते ५५ अंश धरणे अतिशयोक्तीचे होणार नाही, कारण मे २०१९ मध्ये चंद्रपूर येथे हवेचेच तापमान ४८ अंशांच्या आसपास पोहोचले होते. खोदाई टळावी म्हणून नळ बांधावरून तसाच उघडा आणि सरळ ताणून नेला. डिसेंबरच्या पहाटे तोच नळ १० अंशांवर आला. म्हणजे ४५ अंशांचा फरक पडला. ०.०७ गुणिले १०० गुणिले ४५ म्हणजे ३१५ मिलिमीटर. सुमारे एक फूट!

हा एक फूट आणावयाचा कोठून? नळाचे एक टोक पंपास आवळलेले आहे, दुसरे भिंतीत चिणलेले आहे. नळास आखडता येत नाही, म्हणून सारी ओढ सांध्यांवर येते. सांध्यात नळ जेमतेम काही बोटे शिरलेला असतो. ज्या सांध्यास सोल्युशन कमी लागले असेल, जेथे जोडताना माती वा ओल राहिली असेल, तो सांधा प्रथम सुटतो. पुष्कळदा सांधा पूर्ण सुटत नाही, केवळ केसाएवढी फट पडते. तेथून पाणी झिरपते, माती भुसभुशीत होते, नळाचा आधार जातो आणि काही दिवसांनी तोच नळ मधोमध मोडतो. तेव्हा दोष मात्र त्या दिवशी वरून गेलेल्या गाडीस दिला जातो.

काळ्या लवचीक एचडीपीई नळाची आखडण्याची प्रवृत्ती पीव्हीसीहूनही अधिक, सुमारे दुपटीची असते. परंतु तो वेटोळ्यातून सैलसर टाकला जातो आणि स्वतः वाकतो, म्हणून ओढ सहन करतो. मात्र तोही तारेसारखा ताणून टाकल्यास त्याचे जोड निसटतात.

थंडीत नळाची इतर दुखणी

पीव्हीसी थंडीत ठिसूळ होते. त्यातच उन्हात वर्षानुवर्षे पडून राहिलेला नळ पांढुरका पडतो आणि त्याच्या पृष्ठभागाची चिवटाई नाहीशी होते. असा नळ दुपारी गुरांच्या खुराखाली कदाचित टिकेल. परंतु पहाटे गुरे सोडण्याच्या वेळी त्याच खुराने तडकेल.

जमिनीचाही यात मोठा वाटा आहे. वरोरा, भद्रावती, कोरपना, राजुरा या पश्चिमेकडील भागात काळी कापसाची जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि पाऊस सरल्यावर हिवाळाभर वाळत जाऊन तिला भेगा पडतात. या भेगांबरोबर जमीन सरकते आणि तीत उथळ पुरलेल्या नळास पीळ पडतो. पूर्वेकडील धानपट्ट्यात आणि गडचिरोलीच्या डोंगराळ भागात दगडगोटे अधिक. चरातील टोकदार दगडावर टेकलेला नळ वरच्या मातीच्या भाराने त्याच जागी भेदला जातो.

आणखी एक दोष माणसाच्याच हातचा आहे. सॉकेट हाताशी नसल्यास नळाचे तोंड शेकोटीवर तापवून, ते मऊ करून, दुसरा नळ त्यात कोंबण्याची रीत खेडोपाडी आढळते. विस्तवावर नळ सारखा तापत नाही. एका बाजूस तो करपतो, तर दुसऱ्या बाजूस ताणून पातळ होतो. असा सांधा पहिल्या उन्हाळ्यात तग धरतो आणि पहिल्या थंडीत उकलतो. सॉकेटचे चार पैसे वाचविण्याच्या नादात रात्रीचे हजारो लिटर पाणी जाते.

पाण्याचा धक्का

वाहणारे पाणी म्हणजे धावता भार होय. ते एकदम अडविल्यास नळास आतून धक्का बसतो. पीव्हीसी नळात सेकंदास एक मीटर वेगाने वाहणारे पाणी व्हॉल्व्ह झटकन बंद करून अडविले, तर क्षणभर सुमारे ४० मीटर उंचीच्या पाण्याएवढा, म्हणजे सुमारे ४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका जादा दाब उत्पन्न होतो. लोखंडी नळात हा धक्का याच्या सुमारे तिप्पट असतो. ४ किलो दाबाचा स्वस्त नळ घेतला असेल, तर नेहमीचा दाब आणि हा धक्का मिळून त्याची मर्यादा ओलांडली जाते. थंडीने आधीच ताणलेला सांधा अशा वेळी हमखास सुटतो.

ज्या घरी विजेच्या पंपास ऑटो स्टार्टर बसविला आहे, तेथे धोका अधिक. रात्री-अपरात्री वीज येताच पंप आपोआप पूर्ण जोराने सुरू होतो. नळात त्या वेळी पाणी नसून हवा असते. पाणी ती हवा रेटीत पुढे धावते आणि वळणावर अथवा बंद तोटीवर आदळते. सौर पंपाची गोष्ट थोडी बरी आहे. ऊन चढेल तसतसे त्याचे पाणी हळूहळू वाढते, त्यामुळे प्रारंभीचा धक्का सौम्य असतो.

नळ फुटल्याने काय जाते?

पाणी वाया जाते, हे उघड आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाने मिळावे, असे प्रमाण ठरविले. ज्या फटीतून मिनिटास केवळ एक लिटर पाणी जाते, तिच्यातून दिवसास १४४० लिटर पाणी जाते. ५५ लिटरच्या हिशेबाने हे २६ माणसांचे पाणी झाले. सौर पंपाच्या अनेक लहान योजनांत टाकी ५००० लिटरची असते. तीतून एवढे पाणी रोज झिरपू लागल्यास टोलीच्या टोकाच्या घरी थेंबही पोहोचत नाही.

परंतु या दोन जिल्ह्यांत हानी केवळ पाण्याची नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेहून अधिक आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमच्या पुढे कदापि जाऊ नये, असा दंडक आहे. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. अशा गावी चांगल्या स्रोताचे पाणी नळाने आणलेले असते. नळ आठ दिवस बंद पडला, की लोक पुन्हा त्याच जुन्या हातपंपाकडे वळतात.

जंगलालगतच्या वस्तीत तर प्रश्न याहून बिकट आहे. घरी पाणी नसले, की स्त्रिया आणि मुली पहाटे नाल्यावर अथवा बोडीवर जातात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत, तसेच गडचिरोलीच्या आरमोरी भागात वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावण्याच्या घटना घडल्या आहेत. पहाट आणि सांज या वेळा वन्य प्राण्यांच्या वावराच्या, आणि नेमक्या त्याच वेळा पाणी भरण्याच्या. घरची तोटी चालू असणे म्हणजे घरची बाई त्या वेळी घरी असणे होय. नळाची निगा राखण्याचे याहून मोठे कारण दुसरे कोणते असणार?

रोगराईचा धोकाही ध्यानात घ्यावा. नळात दाब असतो तोवर फटीतून पाणी बाहेर येते. परंतु पंप थांबून नळ रिकामा होऊ लागला, की तोच नळ फटीतून बाहेरचे गढूळ पाणी आत ओढतो. फट गोठ्याजवळ अथवा सांडपाण्याच्या नालीत असल्यास हगवण, कावीळ यांसारखे रोग नळावाटे घरोघर पोहोचतात.

उपाय पहिला: नळ पुरावा

सर्व उपायांत हा श्रेष्ठ होय. दिवसाची उष्णता व रात्रीची थंडी जमिनीत फार खोल जात नाही. अर्ध्या मीटर खोलीवर दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. यास्तव अंगणातील घरगुती नळ निदान ६० सेंटिमीटर आणि गाडीवाट अथवा ट्रॅक्टरची वाट ओलांडणारा नळ निदान ९० सेंटिमीटर खोल असावा. वाटेखालून नेताना तो मोठ्या व्यासाच्या लोखंडी नळातून ओवून न्यावा, म्हणजे चाकाचा भार त्यावर येत नाही.

चराचा तळ सपाट करावा. तळाशी १० सेंटिमीटर वाळू अथवा चाळलेली बारीक माती पसरावी, तीवर नळ ठेवावा आणि नळाच्या वरही तितकीच बारीक माती घालून मग खोदलेली माती लोटावी. काळ्या जमिनीत हा वाळूचा थर अत्यावश्यक आहे. जमीन सरकली तरी नळ वाळूत मोकळा राहतो. मोठे ढेकूळ व दगड नळावर थेट पडू देऊ नयेत.

उपाय दुसरा: नळास ढील द्यावी

चरात नळ दोरीसारखा सरळ न ताणता सापाच्या चालीने किंचित नागमोडी टाकावा. थंडीत आखडताना ही वळणे सरळ होतात आणि सांध्यावर ओढ येत नाही. सांधे दिवसा, नळ कोरडा असताना जोडावेत. परंतु शेवटचा सांधा आणि माती लोटण्याचे काम सकाळच्या गारव्यात उरकावे. त्या वेळी नळ आधीच आखडलेला असतो, म्हणून पुढे ओढ कमी बसते. मात्र दव पडले असल्यास नळ पुसून कोरडा केल्यावाचून शेवटचा सांधा जोडू नये.

भिंतीवरून जाणारा नळ सिमेंटमध्ये घट्ट चिणू नये. पकडी अशा बसवाव्यात, की नळ आधारास टेकेल, परंतु मागे-पुढे सरकू शकेल. उघड्या भागास मातीचा लेप, जुने पोते अथवा बांबूचे अर्धे चिरलेले नळकांडे बांधून ऊन अडवावे. येथे पोत्याचा उपयोग थंडीपेक्षा उन्हासाठी अधिक आहे, हे विसरू नये. तोटीजवळचा उभा भाग शक्यतो लोखंडी असावा आणि त्यास लाकडी अथवा सिमेंटच्या खांबाचा आधार द्यावा, कारण गुंड ठेवताना-उचलताना धक्के तेथेच बसतात.

उपाय तिसरा: सांधा नीट जोडावा

नळ करवतीने काटकोनात कापावा. कापलेली कड कानशीने घासून तिला किंचित उतार द्यावा. नळाचे टोक आणि सॉकेटची आतील बाजू कोरड्या फडक्याने पुसावी. दवाचा ओलावा राहू देऊ नये. सोल्युशनचा पातळ व सारखा थर दोन्हींस लावावा, नळ पाव वेढा देत पूर्ण आत सारावा आणि अर्धा मिनिट तसाच दाबून धरावा. बाहेर आलेले सोल्युशन पुसून काढावे. थंडीत सोल्युशन सावकाश धरते. म्हणून हिवाळ्यात जोडलेल्या सांध्यावर २४ तासांच्या आत पूर्ण दाब देऊ नये. सकाळी जोडले आणि सायंकाळी पंप लावला, ही घाई पुष्कळ सांध्यांच्या मुळाशी असते.

उपाय चौथा: पाणी हळू सोडावे, हळू अडवावे

मुख्य व्हॉल्व्ह एका दमात न फिरविता थांबत थांबत, निदान अर्ध्या मिनिटात बंद करावा. पंप सुरू करताना पुढचा व्हॉल्व्ह थोडाच उघडा ठेवावा आणि नळ भरल्यावर पूर्ण उघडावा. शक्य तेथे ऑटो स्टार्टर रात्री बंद ठेवावा. नळाच्या सर्वांत उंच जागी हवा सुटण्यासाठी एअर व्हॉल्व्ह आणि सर्वांत सखल जागी गाळ काढण्यासाठी तोटी असावी. पंपाजवळचा उलट पाणी अडविणारा व्हॉल्व्ह चालू आहे किंवा नाही, हे वर्षातून एकदा उघडून पाहावे.

टाकीची रात्र-परीक्षा

नळ जमिनीत असला तरी तो गळतो आहे किंवा नाही, हे कोणत्याही यंत्रावाचून ओळखता येते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा प्रत्येक वस्तीत डिसेंबरमध्ये एकदा अवश्य करावी.

सायंकाळी टाकी भरून घ्यावी. घरोघरी सांगून रात्री १० वाजता सर्व तोट्या बंद ठेवाव्यात. एका काठीवर टाकीतील पाण्याची खूण करावी. पहाटे ४ वाजता पुन्हा खूण करून दोन्ही खुणांतील अंतर मोजावे. २ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरणे म्हणजे सुमारे ३१ लिटर पाणी जाणे होय. सहा तासांत पातळी ६ सेंटिमीटर उतरली, तर सुमारे १८८ लिटर पाणी गेले. दिवसाच्या हिशेबाने ते साडेसातशे लिटरांवर जाते, म्हणजे तेरा-चौदा माणसांचे पाणी झाले.

दुसऱ्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून हीच परीक्षा पुन्हा करावी. पातळी तरीही उतरल्यास दोष टाकीत आहे. न उतरल्यास दोष नळात आहे. नंतर सकाळी नळाच्या मार्गावरून पायी फिरावे. कोरड्या दिवसांत जेथे माती ओली दिसते, गवत एकटेच हिरवे राहिलेले असते अथवा रानडुकरांनी उकरलेले आढळते, तेथे खणून पाहावे. पावसाळ्यात अशी खूण सापडत नाही. हिवाळा हा या कामाचा योग्य काळ आहे, याचे हेही एक कारण होय.

नळ फुटल्यास

प्रथम व्हॉल्व्ह बंद करून चरातील पाणी उपसावे. ट्यूबची पट्टी केवळ तात्पुरती. ती बांधून स्वस्थ बसू नये. तडकलेला भाग दोन्ही बाजूंनी वीतभर अधिक कापून काढावा, कारण बारीक चीर डोळ्यास दिसते त्याहून पुढे गेलेली असते. नवा तुकडा दोन सॉकेट घालून बसवावा. त्याच वेळी नळ पुन्हा सरळ ताणला जात नाही ना, हे पाहावे. ढील न दिल्यास शेजारचा सांधा पुढल्या थंडीत सुटेल.

दुरुस्तीनंतर पहिले पाणी पिण्यास वापरू नये. स्वच्छ पाणी येईपर्यंत तोट्या वाहू द्याव्यात. नंतर टाकीत १००० लिटरमागे अडीच ग्रॅम या प्रमाणात ताजी टीसीएल पावडर वापरावी. ५००० लिटरच्या टाकीस साडेबारा ग्रॅम पुरते. पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीत कालवून, निवळी वर आल्यावर ती तेवढी ओतावी. अर्धा ते एक तास थांबून टोकाच्या घरच्या तोटीचे पाणी जलसुरक्षकाकडून तपासून घ्यावे. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेष आढळल्यास ते पाणी पिण्यास योग्य समजावे.

कामाचा काळ

धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या, की जमिनीत थोडी ओल शिल्लक असते आणि कुदळ सहज चालते. मार्चनंतर तीच जमीन दगडासारखी होते. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानतो. मोहफुलाच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळला जातो आणि रानातून उघडा नेलेला प्लॅस्टिकचा नळ त्या आगीत वितळू शकतो. म्हणून डिसेंबरमध्ये टाकीची रात्र-परीक्षा करावी, मकरसंक्रांतीपर्यंत सदोष सांधे बदलावेत आणि १५ फेब्रुवारीपूर्वी उघडा नळ जमिनीखाली न्यावा.

हे काम एकट्याच्या बळावर कठीण वाटल्यास वस्तीने मिळून करावे. दहा घरांनी माणशी दहा मीटर चर खोदला, तर शंभर मीटर नळ दोन दिवसांत पुरला जातो. धानाचा बांध फुटला, की सारे गाव धावून जाते, कारण बांधीतील पाणी सर्वांच्या डोळ्यांसमोर वाहून जाते. नळातील पाणी जमिनीखाली, डोळ्याआड जाते, एवढाच काय तो फरक. यंदाच्या थंडीत ते वेळीच अडविले, तर वैशाखातील उन्हात गृहिणीने तोटी फिरविताच तिचा गुंड भरेल आणि तिला अंधारात नाल्याची वाट धरावी लागणार नाही.